चार हातांचा दवाखाना

(दंतवैद्यक व त्यांचे सहकारी यांच्या सांगली येथील मेळाव्यात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी या विषयावर बोलण्यासाठी मला विचारले तेव्हा मी प्रथम नकारच दिला होता. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर आणि व्यवसायाने कापडाचा व्यापारी. सुती, टेरिकॉट आणि लोकरी कापडातील फरक मला डोळे मिटूनही हाताला कळतो. परंतु सुळा कोठे संपतो आणि उपदाढ कोठे सुरू होते हे आजही मी खात्रीने सांगू शकणार नाही. त्यावर संयोजक म्हणाले, "अण्णा, दातांविषयी बोलायला आम्ही आहोत. तुम्ही माणसांविषयी बोला." या उत्तरापुढे माझा नाइलाज झाला.

माझा या क्षेत्राशी संबंध आला तो सूनबाईंमुळे. २००९ साली त्यांनी आमच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावरील दोन खोल्यांत दंतचिकित्सालय सुरू केले. चार वर्षांचे बी.डी.एस. आणि एक वर्षाची आंतरवासिता पूर्ण करून त्या आल्या होत्या. दाढेच्या मुळातील सूक्ष्म नलिका शोधून काढण्याचे कौशल्य त्यांच्या हाती होते; परंतु सकाळी नऊ वाजता सहायिका आली नाही तर काय करावे, हे त्यांना महाविद्यालयात कोणी सांगितले नव्हते. स्वाभाविकपणेच हिशेब, पगार, खरेदी आणि माणसे ही बाजू मी आपणहून अंगावर घेतली. दुकानात अकरा माणसे सांभाळणाऱ्याला वरची चार माणसे काय जड, असा माझा समज होता. पहिल्या पाच वर्षांत मी तेथे जे नियम लावले, त्यांपैकी बहुतेक मलाच पुढे मागे घ्यावे लागले. आज मी प्रामुख्याने त्या मागे घेतलेल्या नियमांविषयी बोलणार आहे. यश सांगणारे वक्ते आपणांस पुष्कळ भेटतील.

प्रथम आकाराविषयी. आमच्या दवाखान्यात सूनबाई, दोन सहायिका, स्वागतकक्षात बसणारी एक मुलगी आणि स्वच्छतेच्या मावशी अशी पाच माणसे. शिवाय दर गुरुवारी दात सरळ करणारे एक डॉक्टर येतात, त्यांना अर्धे धरले तर साडेपाच. लहान पसारा म्हणजे कमी त्रास, असे बाहेरच्याला वाटते. दुकानात लगीनसराई नसताना एक विक्रेता गैरहजर राहिला तर गिऱ्हाइकाला त्याची कल्पनाही येत नाही. शेजारचा माणूस पुढे सरकतो आणि ताका उलगडतो. दवाखान्यात मात्र एक सहायिका आली नाही की डॉक्टरांचे निम्मे हातच नाहीसे होतात.

हे मी अलंकारिक अर्थाने म्हणत नाही. आपण सर्व जाणकार आहात, तरीही माझ्यासारख्या श्रोत्यांसाठी सांगतो. आपल्या शास्त्रात चार हातांनी काम करण्याची पद्धत आहे. रुग्णाचा चेहरा हे घड्याळ मानले तर उजव्या हाताने काम करणारे डॉक्टर सात ते बारा या भागात बसतात, सहायिका दोन ते चार या भागात, आणि अवजारांची देवघेव चार ते सात या भागात, म्हणजे रुग्णाच्या हनुवटीखाली होते. सहायिकेचे आसन डॉक्टरांच्या आसनापेक्षा चार ते सहा इंच उंच असते, कारण तिला डॉक्टरांच्या हातांवरून तोंडाच्या आत पाहावयाचे असते. हे मला सूनबाईंनी समजावून सांगितले त्या दिवशी मी क्षणभर थांबलो. ज्या मुलीला मी मनातल्या मनात 'सामान देणारी' समजत होतो, तिचे आसन डॉक्टरांपेक्षा उंच ठेवलेले आहे आणि त्याला कारण आहे! १९४८ च्या दंतवैद्य कायद्यात दंतवैद्य, दंत-आरोग्यक आणि दंतयांत्रिक यांच्या नोंदणीची तरतूद झाली. खुर्चीपाशी दिवसभर असणाऱ्या या मुलीला मात्र त्या नोंदवहीत स्वतंत्र रकाना नव्हता. आमच्यासारख्यांच्या नजरेत तिला जागा नव्हती, यात मग नवल ते काय?

आता माझ्या पहिल्या चुकीकडे येतो. ती येथील पुष्कळ घरांत घडत असावी, कारण अनेक दवाखान्यांत पती-पत्नी, सासरे किंवा वडील असे कोणी ना कोणी कारभार पाहत असते. मी दिवसातून तीन वेळा वर जात असे. जाताना स्वागतकक्षातील मुलीला सांगत असे, "आज आलेल्या कोणाला परत पाठवायचे नाही." आतून सूनबाई सांगत, "साडेसातनंतर नवीन रुग्ण घेऊ नकोस, रूट कॅनलला वेळ लागणार आहे." त्या मुलीने कोणाचे ऐकावे? ती बिचारी दोघांनाही 'हो' म्हणे. परिणामी रात्री पावणेनऊपर्यंत बाकावर माणसे बसलेली असत, मुलींच्या शेवटच्या एसटी चुकत आणि दुसऱ्या दिवशी त्या उशिरा आल्या म्हणून मीच त्यांना बोलत असे. तीन महिन्यांत स्वागतकक्षातील दोन मुली सोडून गेल्या. 'हल्लीच्या मुलींना कामाची गोडीच नाही', असे मी दुकानात बसून सर्वांना सांगत होतो.

एके रात्री जेवताना सूनबाई शांतपणे म्हणाल्या, "अण्णा, दुकानात तुमच्या शब्दावर माझा शब्द चालेल का?" मी म्हणालो, "कसा चालेल?" त्या पुढे काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवसापासून मी वर जाणे बंद केले. हिशेबाची वही संध्याकाळी खाली येऊ लागली आणि सूचना करायची असेल तर ती मी घरी, सूनबाईंनाच करू लागलो. ही गोष्ट लिहावयास एक ओळ पुरते. अंगवळणी पडावयास मला वर्ष लागले. आजही जिन्याच्या पायरीशी माझा पाय घुटमळतो.

दुसरी चूक विक्रीची. कापडाच्या धंद्यात रखडलेला माल खपवणाऱ्या विक्रेत्याला आम्ही थोडी बक्षिसी देतो. ताका तीन वर्षे पडून असेल तर ती रीत योग्यच आहे. त्याच हिशेबाने मी सुचवले की, जी मुलगी रुग्णाला कॅप बसवून घेण्यास राजी करील तिला दर कॅपमागे शंभर रुपये द्यावेत. सूनबाईंनी त्याच क्षणी नकार दिला. मला तो व्यवहारशून्यपणा वाटला. त्यांचे म्हणणे असे होते की, या मुली रुग्णांशी गावाकडच्या भाषेत बोलतात, रुग्ण डॉक्टरांना न विचारलेले प्रश्न त्यांना विचारतात. त्या उत्तरात एकदा शंभर रुपये शिरले की त्या उत्तराला किंमत उरणार नाही. शिवाय कापड पसंत पडले नाही तर घडी न मोडता परत घेता येते. कॅपसाठी घासलेला दात पूर्ववत करून देता येत नाही. त्याऐवजी वर्षाअखेर दवाखान्याच्या शिलकीतून पाचही जणांना, मावशींनाही धरून, दिवाळीला ठराविक हिस्सा देण्याची पद्धत त्यांनी घातली. ती आजतागायत चालू आहे आणि वहीत त्याचा स्वतंत्र रकाना आहे.

आता ज्या प्रसंगासाठी मी आज उभा राहिलो आहे, तो सांगतो. तो सांगण्याची परवानगी मी घरातून घेतली आहे.

२०१३ साल असावे. धाकट्या सहायिकेच्या हातून दात स्वच्छ करण्याच्या यंत्राचे टोक फरशीवर पडून मोडले. किंमत सुमारे दीड हजार रुपये. दुकानात माप चुकून कापड फाडले गेले तर त्याची भरपाई त्या माणसाच्या पगारातून हप्त्याहप्त्याने वळती करण्याची आमच्याकडे वडिलांच्या काळापासूनची पद्धत होती. मी तोच नियम लावला. दरमहा अडीचशे रुपये. तसेच सर्वांसमोर, आणि मला वाटते दोन रुग्णांसमोरही, चार शब्द सुनावले. मुलगी मान खाली घालून उभी राहिली. मला वाटले, शिस्त लागली.

दोन हप्ते कापून झाले होते. एके सोमवारी दुपारी दाढ काढल्यानंतरचा ट्रे आवरताना त्याच मुलीच्या बोटात भूल देण्याची सुई घुसली. सुईला टोपण नव्हते. तिने हातमोजा काढला, नळाखाली बोट धुतले, नवा हातमोजा चढवला आणि पुढच्या रुग्णाच्या कामाला उभी राहिली. कोणालाही काही बोलली नाही. मंगळवारीही बोलली नाही. मंगळवारी रात्री दिवे मालवताना मावशींनी तिला जिन्यात रडताना पाहिले आणि त्यांना सर्व हकीकत कळली. मावशी तडक आमच्या घरी आल्या.

अशा प्रसंगी काय करावे लागते हे आपण जाणताच. एचआयव्हीसाठीची प्रतिबंधक औषधे शक्य तो दोन तासांत, आणि अगदी उशिरा म्हणजे बहात्तर तासांच्या आत सुरू व्हावी लागतात. तेव्हा चौतीस तास उलटून गेले होते. लागण होण्याचा धोका तसा कमी, हजारात सुमारे तीन. परंतु ज्याने लस घेतलेली नाही त्याच्या बाबतीत हेपॅटायटिस-बी चा धोका त्याच्या कितीतरी पट. आणि त्या मुलीने लस घेतलेली नव्हती. कारण तिला कामावर घेताना तिचे शिक्षण, तिचे गाव, तिची पूर्वीची नोकरी हे सारे मी विचारले होते. लसीविषयी विचारले नव्हते. शून्य, एक आणि सहा महिने अशा तीन मात्रांची ती लस. तिचा खर्च त्या मोडलेल्या टोकापेक्षा कमी होता.

त्या रात्री साडेदहाला सूनबाई आणि मी तिला घेऊन सिव्हिलमध्ये गेलो. औषधे सुरू झाली. ज्या रुग्णाची दाढ काढली होती त्यांना दुसऱ्या दिवशी विनंती करून बोलावले. भले गृहस्थ होते, त्यांनी रक्त तपासू दिले. अहवाल निर्दोष आला, औषधे थांबवता आली, लस सुरू झाली. पुढील सहा महिने ठराविक अंतराने तिची तपासणी होत राहिली आणि प्रत्येक अहवाल हाती येईपर्यंत घरात कोणी मोकळेपणाने बोलत नसे. सर्व काही ठीक निघाले.

परंतु त्याच आठवड्यात तिचे वडील दुकानात आले होते. कृष्णाकाठच्या एका खेड्यातील शेतकरी. त्यांनी भांडण केले नाही. गादीच्या कडेला टेकले, पाणी प्यायले, आणि उठताना म्हणाले, "अण्णा, अडीचशे रुपयांपायी पोरगी गप बसली बघा." यावर मी काय उत्तर देणार होतो? मी कापलेले पाचशे रुपये परत केले. तिने ते घेतले. पुढे दोन वर्षे ती आमच्याकडे होती, काम चोख करीत होती. नंतर लग्न होऊन कराडकडे गेली. या दोन वर्षांत ती सूनबाईंशी पूर्ववत बोलत असे. माझ्याशी मात्र कामापुरतेच.

त्या प्रसंगाने दवाखान्यात जे बदल झाले ते थोडक्यात सांगतो. नुकसानभरपाईचा नियम वर तर गेलाच, खाली दुकानातूनही गेला. मोडलेली वस्तू वहीत 'दवाखाना खर्च' म्हणून लिहिली जाते, त्यापुढे नाव नसते. आणि मला आश्चर्य वाटते ते असे की, मोडतोडीचा वार्षिक आकडा त्यानंतर वाढला नाही. नव्या माणसाची हेपॅटायटिस-बी ची आणि धनुर्वाताची लस पहिल्या आठवड्यात सुरू होते. पुढे २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांत हे बंधनकारकच झाले. पिवळी, लाल, पांढरी आणि निळी अशी वर्गवारी सर्वांना पाठ असते, पण त्याच नियमांत कचरा हाताळणाऱ्या प्रत्येकाच्या लसीची आणि वर्षातून किमान एकदा आरोग्यतपासणीची जबाबदारी आपल्यावर टाकलेली आहे, इकडे आपले लक्ष असतेच असे नाही. मावशीही त्यात येतात, हे विशेषेकरून ध्यानात घ्यावे.

तिसरा बदल सूनबाईंनी स्वतःवर लादून घेतला. त्यांच्या मते मूळ चूक त्यांचीच होती. वापरलेली सुई त्यांनी ट्रेमध्ये उघडी सोडली होती. तेव्हापासून ज्याने सुई वापरली त्यानेच ती विल्हेवाटीच्या डब्यात टाकावयाची, दुसऱ्याने तिला हातच लावावयाचा नाही. टोपण घालावयाचेच झाले तर ते ट्रेवर आडवे ठेवून एकाच हाताने सुई त्यात सरकवावयाची. गुरुवारच्या डॉक्टरांनाही या नियमातून सूट नाही. त्यांना प्रारंभी ते रुचले नाही. एका मोठ्या पदवीच्या माणसाला बारावी झालेली मुलगी 'सर, सुई' असे म्हणते, हे कोणाला रुचेल?

आणि येथेच खरा प्रश्न आहे असे मला वाटते. दवाखान्यातील सर्वांत कमी पगाराचे माणूस सर्वांत मोठ्या माणसाला भर कामात थांबवू शकते का? आमच्याकडे याची परीक्षा २०१६ साली झाली. एक मध्यमवयीन रुग्ण खुर्चीवर होते. त्या वेळी आमच्याकडे एक्स-रेच्या फिल्मच वापरल्या जात. आपण दातांना दोन आकडी क्रमांक देता. खालच्या जबड्यातील डाव्या बाजूची पहिली मोठी दाढ छत्तीस, उजव्या बाजूची सेहेचाळीस. गर्दीच्या दिवशी फिल्म उलटी लावली गेली होती. सूनबाई भूल भरून उजवीकडे वळल्या आणि मोठी सहायिका म्हणाली, "मॅडम, कागदावर छत्तीस आहे." क्षणभर शांतता. सूनबाई थांबल्या, फिल्मवरचा उंचवटा बोटाने चाचपला, कागद पाहिला, आणि रुग्णाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "बरोबर आहे तुझे. थांबवलेस ते चांगले झाले."

मला हे कळले तेव्हा मी व्यापाऱ्याच्या वृत्तीने विचारले, "रुग्णासमोर असे कबूल केलेत, त्याचा विश्वास उडाला नाही का?" तो रुग्ण आजही आमच्याकडे येतो, त्याने पुढे आपल्या दोन भावांनाही आणले. हे माझे उत्तर नव्हे, ही केवळ वस्तुस्थिती. एखादा दुसरा रुग्ण कदाचित उठूनही गेला असता.

या संदर्भात एका कार्याचा उल्लेख करावासा वाटतो. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ साली शस्त्रक्रियेसाठी एक तपासणीसूची प्रसृत केली. ती तयार करण्याचे नेतृत्व अमेरिकेतील शल्यचिकित्सक डॉ. अतुल गावंडे यांनी केले. त्यांच्या वडिलांचे गाव आपल्या यवतमाळ जिल्ह्यातील उमरखेडजवळचे, हे आपणांस ऐकून आनंद वाटेल. एकोणीस कलमांची ती एकपानी सूची. नवी दिल्लीसह जगातील आठ शहरांतील रुग्णालयांत ती वापरून पाहिली गेली आणि २००९ च्या जानेवारीत निष्कर्ष प्रसिद्ध झाले. शस्त्रक्रियेनंतरचे मृत्यू शेकडा दीडवरून शेकडा ०.८ वर आणि गुंतागुंतीचे प्रमाण शेकडा अकरावरून सातवर आले होते. त्या सूचीतील एक कलम मला फार आवडले. छेद घेण्यापूर्वी खोलीतील प्रत्येकाने आपले नाव आणि आपले काम सांगावयाचे. इतक्या मोठ्या शस्त्रक्रियागृहात नाव सांगण्याने काय साधते? मला वाटते, ज्याने एकदा तोंड उघडून स्वतःचे नाव सांगितले, त्याला पुढे 'थांबा' म्हणणे थोडे सोपे जाते.

आमच्याकडे त्याची छोटी आवृत्ती आहे. प्रत्येक रुग्ण खुर्चीवर बसला की सहायिका मोठ्याने वाचते: नाव, दाताचा क्रमांक, मधुमेह, रक्तदाब किंवा रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे का, पूर्वी कोणत्या औषधाची ॲलर्जी. डॉक्टरांनी 'हो' म्हटल्याशिवाय ती ट्रे पुढे सरकवीत नाही. अर्धा मिनिट लागतो. गर्दीच्या दिवशी हा अर्धा मिनिट फार मोठा वाटतो आणि नेमका त्याच दिवशी तो वगळण्याचा मोह होतो, हेही प्रामाणिकपणे सांगतो.

स्वागतकक्षाविषयी फार बोलत नाही. डॉक्टर दिवसभर मुखपट्टी लावून एका तोंडात वाकलेले असतात. बाहेर काय चालले आहे ते त्यांना दिसत नाही. म्हणून बाहेरचा कारभार जिच्या हाती आहे तिला निर्णयाचा अधिकार लेखी द्यावा: किती उशीर झाल्यास रुग्णाला दुसरी वेळ द्यावयाची, वेदनेने तळमळत आलेल्याला कोणाच्या आधी आत सोडावयाचे. आणि एक अगदी क्षुल्लक गोष्ट. रुग्ण रजा काढून कॅप बसवावयास येतो आणि कॅप लॅबमधून आलेलीच नसते, हा अनुभव आपणां सर्वांना असेल. आमच्याकडे आदल्या दिवशी दुपारी लॅबला दूरध्वनी करावयाचा आणि वहीत टिकमार्क करावयाचा, एवढ्यावर तो प्रश्न सुटला. शिंप्याकडे कपडे टाकणाऱ्या गिऱ्हाइकालाही आम्ही हेच करावयास सांगत असू!

सकाळी दवाखाना उघडण्यापूर्वी सारे जण दहा मिनिटे उभ्यानेच बोलतात. त्यात मावशी असतात. निर्जंतुकीकरणाच्या यंत्रात आदल्या रात्री पुड्यांवरील पट्टीचा रंग नीट बदलला नव्हता, हे एकदा त्यांनीच सांगितले. पट्टीचा रंग बदलणे म्हणजे केवळ उष्णता पोहोचल्याची खूण. जंतू नष्ट झाले की नाही हे पाहण्यासाठी बीजाणूंची चाचणी वेगळी करावी लागते. हे आता मावशी नव्या मुलींना समजावून सांगतात. यंत्राची वही त्यांच्या सहीने पूर्ण होते. त्यांचे शिक्षण चौथीपर्यंत झालेले आहे.

येथे जमलेल्यांपैकी अनेकांची एक तक्रार मला चहाच्या वेळी ऐकावयास मिळाली. मुलीला वर्ष-दीड वर्ष खपून शिकवावे आणि समोरच्या दवाखान्याने हजार रुपये जास्त देऊन तिला न्यावे. तक्रार खरी आहे. माझ्या दुकानात शिकलेल्या चार जणांनी याच बाजारपेठेत स्वतःची दुकाने काढली. त्यांतील दोघे आज माझ्यापेक्षा जास्त धंदा करतात. प्रारंभी मी त्यांच्याशी बोलत नसे. आता दिवाळीला एकमेकांकडे जातो. शिकलेले माणूस जाणारच. आपण एवढेच करू शकतो की, त्याच्या डोक्यातील रीत वहीत उतरवून घ्यावी. आमच्याकडे ट्रे मांडण्यापासून अल्जिनेटचे माप किती वेळात ओतून घ्यावयाचे इथपर्यंत सर्व मुलींनी स्वतःच्या अक्षरात लिहून ठेवले आहे, शुद्धलेखनाच्या चुकांसह. नवी मुलगी छापील पुस्तकापेक्षा ती वही लवकर वाचते. परंतु पगाराच्या बाबतीत समोरचा हजार रुपये अधिक देऊ शकत असेल तर आपण त्या मुलीला आधीच कमी देत होतो काय, हाही हिशेब एकदा मांडून पाहावा. मी मांडला तेव्हा तो माझ्या बाजूने निघाला नाही.

२०२० च्या टाळेबंदीत दुकान आणि दवाखाना दोन्ही बंद होते. मी अर्ध्या पगाराच्या बाजूचा होतो, सूनबाई पूर्ण पगाराच्या. शेवटी पहिले दोन महिने पूर्ण आणि नंतर तीन-चतुर्थांश असे ठरले. कोणाचेच पूर्ण समाधान झाले नाही, परंतु दवाखाना उघडला त्या दिवशी चौघीही हजर होत्या.

त्याच्या आदल्या वर्षीची एक आठवण सांगून थांबतो. ऑगस्ट २०१९ चा महापूर येथील प्रत्येकाच्या स्मरणात आहे. पाणी बाजारपेठेकडे चढू लागले तेव्हा मी पहाटे दुकानाकडे धावलो. दवाखान्याचा कंप्रेसर तळमजल्यावर जिन्याखाली असतो. मी पोहोचलो तेव्हा मोठी सहायिका, तिचा भाऊ आणि मावशी यांनी तो दोरखंड बांधून निम्म्या जिन्यापर्यंत नेलेला होता. त्यांना कोणीही बोलावले नव्हते. कंप्रेसर वर ठेवून त्या खाली आल्या आणि सहायिका मला म्हणाली, "अण्णा, तुम्ही गल्ल्याचं बघा, ताके आम्ही वर नेतो. खालच्या फळीपासून सुरू करू या." त्या दिवशी माझ्या दुकानात हुकूम तिचा चालला. अडीच तासांत आम्ही जितका माल वर नेऊ शकलो तितका नेला; बाकीचा भिजला.

अध्यक्ष महोदयांनी दोनदा घड्याळाकडे पाहिलेले मी पाहिले आहे. यापुढे प्रश्नोत्तरे आहेत. माझी विनंती एवढीच की, पहिले दोन-तीन प्रश्न डॉक्टरांनी न विचारता मागच्या रांगेत बसलेल्या सहायक भगिनींनी विचारावेत.